घरच्या माणसाचं बिनसलंय, कुणाला विचारायचं?

आपल्या रायगड जिल्ह्यातल्या जासईसारख्या गावात कुणाची झोप उडाली, बोलणं तुटलं, की पहिली शंका बाहेरच्या बाधेची. देवाला जरूर जा, पण १४४१६ हा क्रमांकही लावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. रुग्ण बोलायला तयार नसेल, तर घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

प्रत्यक्ष दाखवायचं तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय किंवा ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. ‘ठाण्याला पाठवणं’ ही आपल्याकडची जुनी धास्ती. पण १९०१ पासूनच्या या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तपासून, औषधं घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं.

सांभाळणाऱ्यांचं काय? हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. पत्नीचा स्किझोफ्रेनिया जवळून पाहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे कुटुंबीयांचे आधारगट चालतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून काम करते. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी आपल्याच जिल्ह्यात, कर्जतला, डॉ. भरत वाटवानींचं ‘श्रद्धा’ केंद्र आहे.

आणखी एक. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही विमा द्यायचा आहे. आपली पॉलिसी काढून वाचा.