आमच्याकडं काय लपवायचंय!

२०२५च्या दिवाळीनंतर पन्हाळ्याला मामींकडे गेले होते. तीन दरवाजाच्या बाजूला मामींची झुणका-भाकरीची गाडी आहे. दह्याचं गाडगं, हिरव्या मिरचीचा ठेचा, चुलीचा धूर, सगळं पूर्वीचंच. नवीन एवढंच, की पैसे घ्यायच्या डब्याशेजारी आता मोबाईलवरून पैसे घ्यायचा चौकोनी कोडचा कागद डकवलेला.

त्या फोनबद्दल विचारलं तर मामींचा चेहरा उतरला. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबरात सक्तीची झाली, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी फोन आला. "ताई, तुमची केवायसी राहिलीय, हप्ता बंद होईल, आत्ता आलेला नंबर सांगा." ऐन गिऱ्हाइकाची वेळ. हात पिठात. मामींनी पोराकडून नंबर वाचवून घेतला आणि सांगून टाकला. खात्यातून साडेसहा हजार गेले.

तुम्ही म्हणाल, असं तर आता रोजच कानावर येतं. खरंय. पण मामींनी ही गोष्ट तीन दिवस घरात कुणालाच सांगितली नाही. का? तर फोन घरात सगळ्यांचा. कुलूप नाही, काही नाही. मामा बघतात, दीर बघतात, पुतण्या तर त्यातले मेसेज मोठ्यानं वाचून दाखवतो. "घरात सगळी म्हणणार, तुला काय कळतंय त्यातलं! म्हणून गप बसले बघ," मामी म्हणाल्या.

ते तीन दिवसच महागात पडले. अशी फसगत झाली की ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येतात. पुढं अवघड होत जातं.

हॅकर म्हटलं की आपल्याला कुणी तरी मोठा हुशार माणूस दूरदेशी यंत्रापुढं बसलेला दिसतो. तसेही असतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये हल्ला झाला, तेव्हा ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. २८ देशांतल्या ए.टी.एम.मधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, आणि त्यातले काही आपल्या कोल्हापुरातूनसुद्धा! पण तिथं बँकेची यंत्रणा फोडावी लागली होती. मामींच्या दाराची कडी मामींनीच आतून काढून दिली.

संध्याकाळी ओट्यावर हाच विषय निघाला. मामा म्हणाले, "आपल्याकडं काय लपवायचं हाय? सरकारला सगळं ठावं हाय. बघू द्या की." शेजारच्या निवृत्त बाई जरा वेगळ्या मताच्या. त्या म्हणाल्या, "लपवायचं नाही हो, पण विचारून बघा म्हणावं!"

मला बाईंचं पटलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हक्क आहे म्हणून सरकारला काहीच पाहता येत नाही, असं मात्र नव्हे. १८८५च्या तार कायद्यात फोन ऐकण्याची सोय होती, ती २०२३च्या दूरसंचार कायद्यातही आहे. गृहसचिवांचा आदेश लागतो, नंतर समिती तो तपासते. म्हणजे परवानगी देणारेही सरकारी आणि तपासणारेही सरकारीच! घरात सासूविरुद्धची तक्रार नणंदेनं ऐकावी, तसलाच प्रकार. चोर-दहशतवादी पकडायला हे लागतं, हे मान्य. पण विचारणारं कुणी बाहेरचं हवं. प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीपासून घालायचा हुकूम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाला. लोकांनी आरडाओरडा केला आणि थोड्याच दिवसांत सक्ती मागं घेतली गेली. म्हणजे बोललं की फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी अंधारबावीत उतरले. बाहेरून पाहणाऱ्याला ती साधी इमारत वाटते, आत विहीर. वेढा पडला तर शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून अशी बांधली, असं सांगतात. त्या पाण्यात पाप थोडंच होतं?

परतताना एका गाडीवर शेंगा घेतल्या. पुडी उलगडली तर कुणाच्या तरी आधारची झेरॉक्स! लॉजवर, दुकानात मागतील तिथं आपण ती देत सुटतो. त्याऐवजी फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ती आधारची प्रत मिळते, ती द्यावी. बोटांच्या ठशांनाही आधारवर कुलूप लावता येतं. पुतण्याकडून मामींचं ते करून घेतलं.

फोनला कुलूप घालायची वेळ आली तेव्हा मात्र मामी अडल्या. "ह्यांना काय वाटंल?" मामा जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्या फोनला हाय की. तुझ्याला घाल." मामींनी पदराआड फोन धरून चार आकडे दाबले, आणि पुतण्या वाकून बघायला लागला तशी त्याच्या हातावर उलथनं मारलं.