रंगाचे अंतरंग – लेखांक ७ : वर्तुळे रंगात नसतात

उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती, कोळ्याच्या जाळ्यासारखी जी बारीक वर्तुळे दिसतात ती रंगावर बहुधा नसतातच. रंगावर असतात ते वाटेल त्या दिशेने गेलेले, आखूड आणि जवळजवळ सरळ असे हजारो चरे, आणि त्यांतून वर्तुळ निवडून दाखवण्याचे काम प्रकाश करतो. खोल चऱ्यांवर पाणी सोडून पॉलिश पेपर कसा फिरवावा याचे विवेचन या आठवड्यासाठी योजले होते, परंतु एका वाचकांच्या प्रश्नामुळे ते पुढे ढकलणे भाग आहे. सोसायटीत रोज गाडी पुसणारा माणूस फडका सरळ, बॉनेटच्या लांबीने फिरवतो, तरी चरे गोल कसे पडतात, असा तो प्रश्न असून, त्याचे उत्तर नीट समजल्याशिवाय कोणता चरा घासावा आणि कोणता सोडावा हे ठरवता येत नाही.

प्रत्येक चरा ही क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, कोरली गेलेली एक अतिसूक्ष्म पन्हळ असते. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परतवतो, तर पन्हळ तो पंख्यासारखा पसरवते. मात्र हा पसारा पन्हळीच्या लांबीला आडवा असतो, लांबीच्या दिशेने नव्हे. पावसाळ्यात रात्री वायपरने तेलकट काच पुसली गेली की समोरच्या दिव्यांना लांबलचक शेपट्या फुटतात आणि त्या वायपरच्या फटकाऱ्याला काटकोनात असतात, ते याच कारणाने. बॉनेटवर दिव्याचे प्रतिबिंब जेथे पडते त्या बिंदूभोवती चरे सर्व दिशांचे असले, तरी ज्यांची लांबी त्या बिंदूकडून निघणाऱ्या रेषेला आडवी आहे, तेवढ्यांचाच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि बाकीचे सगळे अंधारात राहतात. उजळलेल्या या आडव्या तुकड्यांची मांडणी अर्थातच वर्तुळाकार होते. दिवा हलवला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. रंगावर खरोखर कोरलेली वर्तुळे अशी सरकली नसती.

याची उलट बाजू घरातल्या कोणत्याही स्टीलच्या डब्याच्या झाकणावर पडताळून पाहता येते. ज्या झाकणावर यंत्राने फिरवून पॉलिश केलेले असते, त्यावरचे चरे खरोखरीच वर्तुळाकार असतात, आणि तेथे प्रकाश मध्यापासून दोन बाजूंना उघडलेल्या पंख्यासारखा, सरळ पट्ट्यात दिसतो. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर दिसणारी चमकती रेघ त्याच जातीची. खऱ्या वर्तुळातून पट्टा दिसतो आणि विस्कळीत चऱ्यांतून वर्तुळ दिसते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटली तरी डिटेलरच्या, म्हणजे गाडीचा रंग निगुतीने उजळणाऱ्या कारागिराच्या, दृष्टीने ती फार मोलाची आहे, कारण तिच्यावरून दोष कोणाच्या हातून घडला हे ओळखता येते. रोटरी मशीन, म्हणजे ज्याचे पॅड एकाच आसाभोवती फिरते असे बफिंग यंत्र, चुकीच्या पॅडने किंवा तिरके धरून चालवले, तर ते रंगावर खरे चाप उमटवून जाते. अशा गाडीवर जाळे दिसत नाही, तर उन्हाबरोबर सरकणारे, खोलीचा भास देणारे प्रकाशाचे पट्टे दिसतात, ज्यांना या धंद्यात होलोग्राम म्हणतात. ड्युअल ॲक्शन मशीनचे पॅड फिरता फिरता डोलतही असल्याने त्याच्या खुणांना ठरावीक दिशा राहत नाही. त्यामुळे त्याने होलोग्राम सहसा पडत नाहीत, फार तर पुसट धूसरपणा येतो.

आता वाचकांच्या प्रश्नाकडे वळता येईल. फडका जर खरोखर एकाच दिशेने फिरला असता, तर वर्तुळे न दिसता प्रतिबिंबाच्या डाव्या-उजव्या बाजूंना एक आडवा पट्टा दिसला असता. ज्या अर्थी पूर्ण वर्तुळे दिसतात, त्या अर्थी त्या बॉनेटवर महिनोन्‌महिने सर्व दिशांनी काहीतरी घासले गेले आहे: हाताच्या वळणावरचा फडका, वाऱ्याने हलणारे गाडीचे कव्हर, धूळ झटकण्याचा ब्रश. गोल हात फिरवल्याचा ठपका पुसणाऱ्यावर येतो तो अन्यायाचा आहे. दोष असलाच तर तो कोरड्या धुळीवरून फडका फिरवण्याचा आणि गाड्यांमागून गाड्या एकाच बादलीत उरकण्याचा आहे, आणि ती सक्ती बहुतेक वेळा गाडीमालकांनीच केलेली असते. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते काचेलाही ओरखडतात, मग सुमारे ४० ते ५० मायक्रॉन जाडीच्या क्लिअर कोटची त्यांच्यापुढे काय कथा? मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, हे मागे आलेच आहे.

प्रकाशाच्या या स्वभावामुळे तपासणीची पद्धतही ठरते. ट्यूबलाइटखाली किंवा ढगाळ आकाशाखाली प्रकाश सर्व बाजूंनी येतो, प्रतिबिंब पसरते आणि चऱ्यांची चमक त्यात बुडून जाते; म्हणूनच जुनी गाडी पाहायला जाणाऱ्याने ती मांडवाखाली न पाहता उन्हात ओढून पाहावी. कारखान्यात मात्र एकच प्रखर, बारीक झोताचा दिवा हातात धरून तो प्रत्येक पत्र्यावरून सावकाश फिरवावा लागतो. दिवा सरकताच जे चरे विझतात ते उथळ, आणि दिवा कुठूनही आला तरी जे पांढुरकेपणाने दिसत राहतात ते खोल, कारण खोल चऱ्याचा तळ खडबडीत असून तो प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. पांढऱ्या गाडीवर चरे कमी पडतात हा समज मात्र खरा नाही. खालचा पांढरा रंगच इतका प्रकाश परतवतो की चऱ्याची चमक त्यापुढे उठून दिसत नाही.

पाण्याची परीक्षा याहून सोपी आहे. हवा आणि क्लिअर कोट यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेत, १ आणि सुमारे १.५ इतके अंतर असते. चऱ्यात पाणी भरले की हवेच्या १ च्या जागी पाण्याचा १.३३ येतो, अंतर घटते आणि चरा जणू बुजतो. ओली गाडी नवीकोरी दिसते ती यामुळे. पाणी लावल्यावर चरा नाहीसा झाला तर तो सहसा क्लिअर कोटपुरताच आहे असे समजावे. तो तसाच राहिला, किंवा त्यात वेगळ्या रंगाची रेघ दिसली, तर जखम खालच्या थरापर्यंत पोहोचली आहे आणि तेथे घासून चरा उतरवणारे कोणतेही कंपाऊंड उपयोगाचे नाही. चरे बुजवण्याचे पाण्याचे हे काम ग्लेझ नावाची तेलकट पॉलिशे अधिक टिकाऊपणे करतात, आणि विक्रीपूर्वी गाडीला ती लावून मिळालेल्या चमकेला दुरुस्ती म्हणणे हा ग्राहकावर अन्याय आहे. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसला की भरलेले तेल निघून जाते आणि जाळे होते तसे पुन्हा उभे राहते.

पाण्याने बुजणारे, पण दिव्याखाली न विझणारे असे जे मधले चरे उरतात, त्यांच्यासाठीच २००० आणि ३००० नंबरचे पेपर असतात. ते पुढील आठवड्यात.