परक्याचे शिवार आणि घरचे शिवार

वऱ्हाडातील मुले विद्येसाठी परदेशी जाऊ लागली, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु अशाच एका विद्यार्थ्याने वडिलांस धाडलेले पत्र नुकतेच आमच्या वाचनात आले, आणि त्या संतोषास थोडी खंत लागली. स्कॉटलंडमधील त्याच्या वर्गाची एका दिवसाची सहल जवळच्या खेड्यात गेली होती. दगडी कुंपणांची कुरणे, मेंढ्यांचे कळप, बार्लीची शेते, सारे त्याने हौसेने पाहिले. दुपारी चहाच्या वेळी यजमान शेतकऱ्याने सहज विचारले, "तुमच्या प्रांती काय पिकते?" "कापूस," याने अभिमानाने सांगितले. मग प्रश्न आले : वेचणी कितीदा होते? वेचणाऱ्या बाईस किलोमागे काय मिळते? अळी पडली तर शेतकरी काय करतो? मुलगा निरुत्तर झाला. तो कापसाच्या व्यापाऱ्याचा पुत्र. १७० किलोंची गाठ त्यास ठाऊक, बाजारभाव ठाऊक. पराटीचे झाड मात्र त्याने मोटारीच्या खिडकीतूनच पाहिले होते!

आम्ही या मुलास दोष देत नाही. दोष आपल्या शिक्षणाचा आणि आपला, वडीलधाऱ्यांचा आहे. शंभर वर्षांपूर्वी पापळ गावचा एक तरुण याच स्कॉटलंडात एडिंबरो येथे शिकत होता. वेदवाङ्मयातील धर्मविचारावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून १९२६ साली तो परतला. तेच डॉ. पंजाबराव देशमुख. पुढे त्यांनी बहुजनांच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था उभारली, १९५२ पासून दहा वर्षे केंद्र सरकारात कृषिखात्याचे काम पाहिले आणि १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषिप्रदर्शन भरविले. परदेशी जाताना त्यांनी आपले शिवार मनात नेले होते. आमची मुले शिवार प्रथम परदेशातच पाहतात.

उपाय महागडा नाही. अमरावतीहून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, वर्धेच्या काठी, कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण तेथे जातो, हात जोडतो आणि परततो. कॉलेजांनी कार्तिकाच्या सुमारास, वेचणीच्या दिवसांत, मुलामुलींस तेथे एक दिवस न्यावे. सकाळी गावाजवळचे पांढरीचे टेकाड दाखवावे. १९६०च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्या काळातील व त्याहून जुन्या वस्तीच्या खुणा हाती आल्या. मग नदीवर जावे. याच नदीस वर सिंभोऱ्याजवळ धरण बांधून नळदमयंती सागर झाला, आणि तेच पाणी अमरावतीच्या नळांस येते, हे मुलांस तेथे उमगेल.

दुपार मात्र शेतातच जावी. पहिल्या वेचणीस सीतादही का करतात, हे बायांस विचारावे. गुलाबी बोंडअळीच्या भयाने फरदड घेऊ नये असे शास्त्र सांगते, तरी हाती पैसा नसलेला शेतकरी ती का घेतो, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. स्वतः तासभर ओटी बांधून कापूस वेचावा, तो तोलावा, आणि त्या तासाची मजुरी काय होते याचा हिशेब मांडावा. त्या हिशेबात जे अर्थशास्त्र कळेल, ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही.

कोणी म्हणेल, परीक्षेच्या धामधुमीत हे कशाला? आमचे उत्तर एवढेच की, ज्याच्या घामावर आपली पेढी, आपली जिनिंग आणि मुलाचे परदेशचे तिकीट उभे आहे, त्याची ओळख नसलेली विद्या अपुरी होय. व्यापारीबंधूंनी एकेका मोटारीचा खर्च उचलावा. गुमास्त्यास नव्हे, स्वतःच्या मुलास तीत बसवावे, आणि जमल्यास शेजारी आपणही बसावे. मग परदेशी पाहुणचारात तोच प्रश्न पुन्हा आला, तर वऱ्हाडच्या मुलास मान खाली घालावी लागणार नाही.