लेसरच्या आधी ऊन आणि ट्यूब

हुतात्मा बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळ गावात उन्हाळी कांद्याची काढणी आणि लग्नसराई एकमेकींच्या अंगावर येतात. सकाळी रानात, संध्याकाळी हळदीला. मग घरातल्या एखादीला आरशातला वांग, मुरमांचे खड्डे, हनुवटीवरचे केस जास्तच खुपायला लागतात, आणि मोबाइलवरच्या जाहिराती तयारच असतात: एका सेशनमध्ये चेहरा नितळ. विचारपूस सुरू होते ती लेसरचं मशीन कोणतं आणि पैसे किती, इथून. खरं तर आधी विचारायला हवं ते वेगळंच. उन्हात किती वेळ राबता? आणि तोंडाला आजवर काय काय लावलंत?

“मशीन परदेशी आहे, कुणालाही चालतं.” नाही चालत. अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी 1983 साली मांडलेल्या तत्त्वावर आजचे बरेचसे लेसर चालतात: ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश त्वचेतल्या ठरावीक लक्ष्याने शोषून घ्यायचा आणि तिथेच उष्णता व्हायची. केस काढताना हे लक्ष्य असतं केसाच्या मुळातलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य. अडचण अशी की तेच मेलॅनिन आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही भरपूर असतं. फिट्झपॅट्रिक यांच्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीत आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या पायरीवर येतात. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली ऊर्जा इथे वापरली तर फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर वरच्या थरात कमी शोषला जातो, म्हणून सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित. आयपीएल या प्रकाशझोताच्या मशीनमध्ये अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो, त्यामुळे धोका वाढतो. त्यात कांदा काढून रापलेला चेहरा म्हणजे आणखी जादा मेलॅनिन. उपचाराआधी आणि नंतर निदान दोन ते चार आठवडे कडक ऊन टाळायला सांगतात ते यासाठीच.

“वांग लेसरने मुळापासून जातो.” सर्वात जास्त निराशा इथे पदरी पडते. वांग हा वरून चिकटलेला डाग नाही. ऊन, गरोदरपण, संप्रेरकं, घराण्यातला कल अशी त्याची कारणं चालूच राहतात आणि उष्णतेने तो उलट भडकूही शकतो. म्हणून लेसर हा त्याचा पहिला उपाय नाही. आधी सनस्क्रीन, रुमाल, टोपी, डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी दिलेली मलमं. सनस्क्रीनही रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं असेल तर बरं. सावळी त्वचा नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही काळवंडते. रानात काम करणाऱ्याने ते सकाळी एकदा लावून भागत नाही. दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं.

आता ट्यूब. मेडिकलमधून शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेली “गोरं करणारी” ट्यूब उलटी करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, म्हणून ती सुटत नाही. महिनोन् महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं येतात, बंद केली की आग होते. आणि चेहऱ्यावर केसही वाढतात! म्हणजे जे केस काढायला लेसर हवा, ते त्या ट्यूबनेच उगवलेले असू शकतात. अशा चेहऱ्यावर आधी ट्यूब सोडवायची, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्वचा सावरल्यावरच लेसरचा विचार.

“केस कायमचे जातात.” कायमचे कमी होतात, असं म्हणणं खरं. केस टप्प्याटप्प्याने वाढतात आणि लेसर वाढीच्या टप्प्यातल्या केसांवरच नीट लागू पडतो. म्हणून साधारण सहा ते आठ सेशन, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने. पांढऱ्या केसांवर तो चालत नाही. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (बीजाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी आधी, नाहीतर केस परत येतात. सेशनपूर्वी वस्तरा चालतो. थ्रेडिंग आणि वॅक्सिंग नको, कारण केस मुळासकट निघाला तर लेसरला लक्ष्यच उरत नाही.

“लग्नाआधी पंधरा दिवस पुरे.” केसांचं वेळापत्रक वर आलंच. खड्ड्यांवरच्या फ्रॅक्शनल लेसरनंतर नवं कोलॅजन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. वैशाखात लग्न असेल तर निदान दसऱ्याच्या सुमारास डॉक्टर गाठा, आणि कांदा काढणीच्या आठवड्यांत सेशन ठेवू नका.

लेसरने कॅन्सर होतो ही भीती मात्र सोडा. हा प्रकाश क्ष-किरणांसारखा नाही.

लेसरशिवाय रेडिओफ्रीक्वेन्सी (रेडिओलहरी) आणि हायफू (ध्वनिलहरी) हे उपचारही सुचवले जातात. यांत प्रकाश नसतो, त्यामुळे त्वचेच्या रंगाचा प्रश्न कमी येतो. त्यावरून “यात काहीच धोका नाही” असं सांगितलं जातं. भाजणं, चेहऱ्यावरची चरबी झडून गाल बसणं, नसेला इजा होणं, हे यातही होऊ शकतं. पेसमेकर असलेल्याने रेडिओफ्रीक्वेन्सी घेऊ नये. गरोदरपणात हे सगळेच उपचार पुढे ढकलावेत.

महिन्याभराच्या कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. पुण्याला जाणं जमत असेल तर ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. किमान रोगनिदान तरी तिथे करून घ्या. कुठेही गेलात तरी कानाजवळ छोटा टेस्ट पॅच मागा आणि दोन-चार आठवडे थांबा, कारण डाग पडायचा असला तर तो उशिरा दिसतो. डोळ्यांना संरक्षक झाकण नसेल तर खुर्चीत बसूच नका. आणि तपासणीला जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या खोक्यांसकट, पिशवीत घालून न्या.