दोष बॅरलचा की छर्‍याचा?

जयपूरच्या अवनी लेखराने टोकियो पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत २४ नेमांत २४९.६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. म्हणजे दर नेमाला सरासरी १०.४ गुण! लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. इतक्या सूक्ष्म खेळात गुण घसरले की संशय आधी बॅरलवर जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी जायला हवा. रायफल व्हाइसमध्ये घट्ट बसवून नेम मारले, की नेमबाजाचा श्वास, खांदा आणि ट्रिगरवरचे बोट हिशेबातून वजा होतात. छिद्रे एकमेकांत मिसळली तर बॅरल निर्दोष. विखुरली, तरी निकाल घाईने देऊ नये. वेगळ्या लॉटचे छर्रे वापरून पाहावेत, कारण त्यांच्या वजनातला आणि घेरातला किंचित फरकही कागदावर दिसतो. मग स्क्रू आणि हवेचा दाब तपासावा. एवढे करूनही विखुरणे कायम राहिले, तर बॅरलच्या तोंडाची कड पाहावी. तिथे खरचटले असेल तर हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा कलतो.

रोजच्या सरावाने बॅरल झिजणारच, हा आक्षेप दारूच्या मोठ्या रायफलींबाबत खरा आहे. तिथे जळत्या वायूची उष्णता आतले आटे खाते. एअर रायफलीत ना ज्वाला, ना कठीण गोळी. मऊ शिशापेक्षा साफसफाईची बेफिकीर सळईच पोलादाला जास्त घातक. तेव्हा नवी बॅरल मागवण्याआधी व्हाइसमधल्या चाचणीचा कागद प्रशिक्षकांना दाखवा.