गळ, तरंडे आणि संयम : नदी-तलावांवरील हौशी मासेमारी

नदीकाठी गळ टाकून तासन्‌तास बसणे हा अनेकांच्या दृष्टीने रिकामपणाचा उद्योग असला, तरी आपल्या देशात या छंदाची परंपरा जुनी आहे. काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातील थंड प्रवाहांत ट्राउट हा मुळातला मासा नव्हे. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून मागविलेल्या अंड्यांपासून तो काश्मीरमध्ये रुजविण्यात आला आणि पुढे हिमाचलातही पसरला. कोलकाता परिसरातील तळ्यांवर दिवसाचे तिकीट काढून बसणारे शौकीन माशांना जमविण्यासाठी पाण्यात टाकावयाच्या मसालेदार मिश्रणाची कृती सहसा कोणाला सांगत नाहीत. मुंबईच्या पवई तलावावरही गळ टाकणाऱ्यांची जुनी संघटना आहे. मात्र सांडपाणी आणि जलपर्णी यांनी त्या तलावाची अवस्था बिकट केली आहे.

नवशिक्याने आरंभ स्थिर पाण्यापासून करावा. वाहत्या नदीत दोरी सांभाळणे अवघड जाते आणि निसरड्या खडकांचा धोकाही असतो. साधने थोडकी पुरतात : लवचिक काठी, नायलॉनची दोरी, लहान गळ, शिशाचा तुकडा आणि पाण्यावर तरंगणारे तरंडे. आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेचा गोळा चालतो. तरंडे दोरीवर वर-खाली सरकवून आमिष किती खोलीवर राहील ते ठरविता येते आणि यश बहुधा यावरच अवलंबून असते. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तेव्हा तळाला टेकलेल्या आमिषाने कटल्याची वाट पाहणे व्यर्थ होय. तरंडे किंचित हलताच काठी उपसण्याचा मोह टाळावा. ते नीट बुडाल्यावर मनगटाने हलका झटका देणे पुरेसे असते. उन्हाळ्यात दुपारच्या तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असल्याने मासे सुस्त होतात, म्हणून सकाळ आणि सायंकाळ या वेळा उत्तम.

पाणी सार्वजनिक दिसत असले तरी गळ टाकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. महाराष्ट्रातील अनेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे संस्थेची संमती घेणे आवश्यक आहे, कारण त्या पाण्यावर कोणाचे तरी पोट अवलंबून असते. हिमाचलात मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ट्राउट पकडण्यास बंदी असते. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच मनाई केली आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे पकडण्याची हौस आपल्याकडे गावोगावी आहे. परंतु त्या वेळी पकडलेल्या एका मादीबरोबर हजारो अंडीही नष्ट होतात.

पकडलेला मासा पुन्हा सोडून देण्याची पद्धत महसीरच्या बाबतीत विशेष रूढ झाली. या पद्धतीची उपयुक्तता कावेरी नदीवर अनपेक्षित रीतीने दिसून आली. तेथील कुबडा महसीर हा जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंड वजनाचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. एका तळावरील हौशी मच्छीमारांनी १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा कुबडे महसीर संख्येने घटत असल्याचे आणि त्यांचे सरासरी वजन मात्र वाढत असल्याचे आढळले. वाढते वजन ही शुभवार्ता नव्हती. म्हातारे मासे तेवढे उरले होते, नवी पिढी येत नव्हती.

त्यांची जागा घेणारा निळ्या परांचा महसीर मूळचा कावेरीचा नव्हे. विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये या जातीचे वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. लोणावळ्याच्या वळवण येथील केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास झाली आणि ते बीज देशातील अनेक पाण्यांत सोडण्यात आले. हेतू संवर्धनाचाच होता. पण एका नदीला वाचविणारा मासा दुसऱ्या नदीत परकाच ठरतो, हे तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. कुबड्या महसीरची शास्त्रीय ओळखही २०१८ मध्येच निश्चित झाली आणि आता तो अतिसंकटग्रस्त मानला जातो.

दरम्यान, अभयारण्यात गळ टाकणे ही शिकारच होय, अशी भूमिका वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या आधारे घेण्यात आल्याने २०१२ च्या सुमारास कावेरी अभयारण्यातील तळांवरचे गळ थांबले. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असले, तरी त्यामुळे माशांची ती नोंदवहीही बंद झाली, आणि सुरुंग लावणाऱ्यांवर दिवसभर लक्ष ठेवणारे डोळेही कमी झाले.

मासा सोडावयाचाच असेल तर गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले करूनच माशाला स्पर्श करावा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. कल्ल्यांना धरून उचलू नये. छायाचित्राचा आग्रह असेल तर ते पाण्यातच घ्यावे आणि मासा आपण होऊन शेपूट हलवीपर्यंत त्याला दोन्ही हातांनी प्रवाहाकडे तोंड करून धरावे.