सुई न टोचता रक्त तपासायचं?

बालमित्रांनो, डॉक्टरकाका तुमची खालची पापणी ओढून का बघतात बरं? पापणीच्या आत आणि नखांखाली कातडीचा गोरा-सावळा रंग फारसा आड येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी झालं, की तिथली लाली फिकी पडते. यालाच म्हणतात रक्तक्षय.

ही लाली मोबाइललाही ओळखता येते! अमेरिकेतल्या रॉब मॅनिनो यांना थॅलॅसेमिया आहे, त्यांना दर महिन्याला रक्त चढवावं लागे. त्यांनी स्वतःच्याच नखांचे फोटो काढून अभ्यास केला. एमरी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेलं ॲप २०१८ साली जगापुढे आलं. ते नखांच्या फोटोवरून हिमोग्लोबिनचा अंदाज सांगतं.

पण फोटो सांगतो ते एवढंच, की रक्त कमी असावं. का कमी, ते नाही सांगत. आपल्या गोंदिया जिल्ह्यात लोहाच्या कमतरतेबरोबर सिकलसेलही आढळतो. थकवा दोन्हींत येतो, उपचार मात्र वेगळे. त्यासाठी रक्ताचा थेंब द्यावाच लागतो.

तेव्हा शाळेत तपासणी असली, की सुईला भिऊन दडी मारू नका हं! आणि पालकहो, मूल खेळताना लवकर दमत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्या.